फौजी सरांचा अर्धा तास

वजन उचलणारी मुलगी नेमकं किती खाते, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी विचारतंच. मी सांगते, तुमच्या नवऱ्याइतकंच खाते, फक्त खाऊन झोपत नाही. एवढ्यावर त्या बाया गप्प बसतात आणि मला पंगतीत शांतपणे जेवता येतं.

बेळगावात वजन उचलणाऱ्या मुलींचं एक लहानसं वसतिगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी घरी बसले. माझं माहेर वडगावच्या विणकरांचं, सासर अनगोळचं. लहानपणी मागावर हातपाय एका तालात चालवायची सवय लागलेली, म्हणून रोज वीस मुलींच्या भाकरी थापायचा कंटाळा कधी आला नाही. मुली मला मावशी म्हणत. काही जणी रागावल्या की हिटलर मावशी म्हणत, तेही मला ठाऊक होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, स्वयंपाकीणबाईनं काय शिजवायचं एवढं ठरवलं की झालं. आमच्याकडे काय शिजवायचं यापेक्षा केव्हा वाढायचं याला महत्त्व होतं. लोखंड उचललं की स्नायूंना बारीक बारीक इजा होते. ती भरून काढताना स्नायू आधीपेक्षा बळकट होतात, आणि भरून काढायला प्रथिनं लागतात. प्रथिनं म्हणजे अंडी, दूध, पनीर, डाळी, शेंगदाणे. मागावर धागा तुटला तर जोडायला दुसरा धागा हाताशी लागतो, तसंच हे. तो धागा शरीराच्या हाताशी कधी द्यायचा, याबद्दल आमच्या प्रशिक्षकांचा एक कायदा होता. अर्धा तास.

हे प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले, म्हणून मुली त्यांना फौजी सर म्हणत. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच. सरावातला शेवटचा बार जमिनीवर पडला की ते बटण दाबायचे, आणि तिथून तीस मिनिटांच्या आत प्रत्येक मुलीच्या पोटात दोन अंडी आणि ग्लासभर दूध गेलंच पाहिजे. “अर्ध्या तासानं दार बंद!” असं ते ओरडत यायचे. माणसाच्या अंगात असं काहीतरी दार असतं आणि ते खरंच लागतं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

काकतीच्या एका मुलीचे वडील तर या अर्ध्या तासापायी वेडे व्हायचे बाकी होते. घरच्या म्हशीचं दूध किटलीत घालून रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून आणत. एकदा हायवेला चाक पंक्चर झालं. गाडी तिथंच टाकून माणूस किटली घेऊन पळत आला, तोवर पस्तीस मिनिटं झाली होती. फौजी सरांनी त्यांना घड्याळ दाखवलं. ते पायरीवरच बसले, डोळ्यांत पाणी. मी किटली आत नेली, दूध तापवलं आणि मुलीला दिलं. दुसऱ्या दिवशी ती काही वाळून उठली नाही, आदल्या दिवशीइतकंच वजन तिनं उचललं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आली नाही.

त्रिशला आली ती जून महिन्यात. वय सतरा. निपाणीच्या पुढचं खेडं, घर जैनांचं, तंबाखू आणि भुईमुगाची शेती. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. खोलीत पिशवी ठेवायच्या आधी ती थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी उभी राहिली.

“मावशी, चार गोष्टी सांगते. मग तुमी व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा. अंडं न्हाय. कांदा-लसूण-बटाटा न्हाय. डाळीसंगं कच्चं दही न्हाय. आणि दिवस मावळल्यावर पाण्याबिगर काय न्हाय.”

“मग वजन कशानं उचलणार गं?”

“हातानं,” ती म्हणाली.

मला हसू आलं. मी व्हय म्हटलं. तिच्यासाठी एक कोपरा वेगळा केला. तवा वेगळा, दोन पातेली वेगळी, परात वेगळी. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, ती मी दर सोमवारी खडूनं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहू लागले. सराव साडेचार ते साडेसहा. जूनमध्ये दिवस सातच्या पुढं मावळतो, त्यामुळे पोरगी बार टाकून पळत यायची, जेवायची, आणि फौजी सरांचा अर्धा तासही पाळला जायचा.

पण ती शेतकऱ्याची लेक, पुढचा हंगाम आधी बघणारी. पहिल्याच महिन्यात तिनं सरांना विचारलं, “सर, थंडीत दिवस लवकर मावळतोय. तवा माझा सराव दुपारचा घ्याल काय?”

“एका पोरीसाठी बॅच बदलत न्हाय,” सर म्हणाले. “फौजेत काय सूर्य बगून परेड व्हती?”

फौजेत परेड सूर्य बघूनच होत असावी असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. मला काय त्यातलं कळतंय, असं म्हणून भांडी घासायला घेतली. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

दिवाळी झाली. भिंतीवरचा माझा आकडा सहाच्या आसपास आला. सराव संपेपर्यंत बाहेर अंधार. बाकीच्या मुली अंडी सोलत बसायच्या आणि त्रिशला त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन. तोंड वाकडं न करता, उलट त्यांना अंडी सोलू लागायची. मी तिला म्हटलं, अंड्याला हात कसा लावतेस. “सोलायला काय हुतंय, खायचं न्हाय मला,” ती म्हणाली. तिचे नियम तिच्यापुरते होते. ते दुसऱ्या कुणाच्या ताटात तिनं कधी घातले नाहीत.

या खेळात दोन उचली असतात. एकीत बार एका झटक्यात जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा, दुसरीत आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग वर. दोन्हींची बेरीज धरतात. त्रिशलेची बेरीज एकशे एकोणीसला येऊन थांबली ती हलेना. फौजी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “जानेवारीच्या चाचणीत एकशे पंचवीस. न्हाय झालं तर हितली जागा दुसऱ्या पोरीला.” गावात बार नव्हता, प्रशिक्षक नव्हता. खोली गेली की तिचा खेळ गेला, इतकं साधं होतं ते.

मग मी सरावानंतरचं जेवण सरावाआधी घालायचं ठरवलं. अडीच वाजता भाकरी, हुलग्याची म्हणजे कुळथाची घट्ट आमटी आणि पनीर. पहिल्यांदा मी तेच साडेतीनला दिलं होतं आणि पोरीनं सरावात बाहेर पळत जाऊन सगळं ओकून टाकलं. हुलगा अंगाला लागतो, पण वेळ घेतो, हे तिच्या पोटानं मला शिकवलं. चार वाजता कपभर कोमट दूध आणि शेंगदाण्याचा एक लाडू, त्याहून जास्त नाही. सकाळी सूर्य वर आला की ती धपाट्यांसाठी दारात डबा घेऊन हजर. सर बघून म्हणायचे, “मोडल्यावर दुरुस्ती करत्यात मावशी, आधी न्हाय.” बेरीज एकशे एकवीस झाली. चाचणीला तीन आठवडे राहिले होते.

आता जे लिहिते आहे ते मी माझ्या मुलालाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. मला कुणी भरीस घातलं नाही. मीच केलं. एका सकाळी बाकीच्यांसाठी अंडी फोडताना चारांचा पांढरा भाग मी वाटीत वेगळा काढला आणि त्रिशलेच्या धपाट्याच्या पिठात ओतला. वर ओवा, तीळ घातले. औषधातून माणूस काय काय खातं, कोण विचारतंय, असं मनाला सांगितलं. पोरीची जागा राहिली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. सलग चार दिवस घातलं.

“मावशी, धपाटी लई मऊ झाल्यात,” ती म्हणाली आणि तिसरं मागून घेतलं. चौथ्या दिवशी तिची बेरीज एकशे बावीस झाली. फौजी सर खूश, मी त्यांच्याहून खूश. चार दिवसांच्या अंड्यानं असं काही होत नसतं. ते तिच्या सहा महिन्यांच्या घामाचं होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

पाचवा दिवस रविवार, त्या दिवशीही पिठात तेच. निपाणीच्या गाडीनं तिची आई आली. बारीक चणीची, हात मात्र कामाचे. शेंगांची पिशवी ओट्यावर ठेवली, पाटावर बसली आणि मला म्हणाली, “आक्का, मी घराबाहेर कुणाच्या हातचं खात न्हाय. लगनाला गेले तरी माझा डबा माझ्यासंगं. पर ही पोरगी सांगती, मावशी कॅलेंडर बगून सैपाक करत्यात. मी हिच्या आप्पांना म्हटलं, पोर चांगल्या हातात हाय. आज तुमच्या हातचं एक धपाटं खाते.”

त्रिशला हसत होती. तिनं स्वतः आईपुढं ताट मांडलं. तव्यावर धपाटं होतं, त्याची खालची बाजू भाजून झाली होती. उलटायला उलथनं घेतलं आणि परत खाली ठेवलं. मी गॅस बंद केला.

“हे नका खाऊ. ह्यात अंडं हाय.”

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. “काय हाय?”

“अंड्याचं पांढरं. चार दिवस झाले घालतेय. तिला ठाव न्हाय.”

आई उठली. माझ्याकडे बघितलंही नाही. लेकीला म्हणाली, “पिशवी भर.”

त्रिशला बाहेर नळावर गेली. तिथं ती चूळ भरत राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आत आली तेव्हा ओढणीचं टोक भिजलेलं होतं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी पयल्याच दिवशी सांगितलंतं मावशी. व्हय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा. तुमी व्हय म्हणालासा.”

“तुझी जागा जाईल म्हणून गं...”

“जागा माझी हुती. जाऊ दिली असती, न्हायतर ठेवली असती. मला इचारायचं हुतं.”

दोघी दुपारच्या गाडीनं गेल्या. मी ते पीठ बागेत खड्डा काढून पुरलं, परात घासली आणि फौजी सरांना जाऊन सगळं सांगितलं. उद्यापासून येत नाही म्हटलं. ते गळ्यातल्या घड्याळाच्या दोरीशी चाळा करत बसले. “घातलं तुमी,” ते म्हणाले, “पर घाई मी लावलीती. तुमी जायचं तर मीबी जायला पायजे.” वसतिगृह चालवणाऱ्या बाईंनी मला लेखी समज दिली, ती योग्यच होती. मला त्याहून मोठी शिक्षाही चालली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला एकटीच परत आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा लोखंडी तवा, निपाणीच्या बाजारातून आणलेला. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन आली होती, एक दिवसाचा उपास केला होता, चाचणीपर्यंत गूळ-साखर सोडली होती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, मला ऐकवायला म्हणून नव्हे, तर लाडू करू नका हे कळावं म्हणून.

“आईनं सोडलं?” मी विचारलं.

“नगंच म्हणत हुती. म्हटलं, चूक मावशींनी केली आणि जागा मी सोडू? हा कुठला न्याव?” तिनं परात पुढं ओढली. “आजपास्नं पीठ मी मळणार. भाजा तुमी, पर पिठाला हात लावायचा न्हाय.”

मी हात मागं घेतले. सतरा वर्षांच्या पोरीनं मला माझ्याच स्वयंपाकघरात बाजूला उभं केलं होतं, आणि खरं सांगते, इतका आदर मला माझ्यापेक्षा मोठ्या माणसाबद्दलही कधी वाटला नाही. तिनं मला टाकलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही. रोज परात घेऊन माझ्याशेजारी उभी राहायची, गावाकडच्या गोष्टी सांगायची, हसायची. माझं बोट चुकून परातीकडे गेलं की फक्त बघायची.

त्याच दिवशी तिनं सरांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, जूनमधला. या वेळी सर हो म्हणाले. पावणेतीन ते साडेचार, एकट्या त्रिशलेचा सराव. सरांनी आपली दुपारची झोप सोडली, आणि निवृत्त फौजी माणसाला ती किती प्यारी असते हे त्यांच्या बायकोला विचारा. पोरीचं कॉलेज एकला सुटायचं. ती थोडं खाऊन यायची, सराव करायची, आणि पाचच्या आत उजेडात भरपेट जेवायची. इतके महिने आम्ही दोघं जाणती माणसं तिच्या ताटाशी झटत होतो. हलवायचं होतं ते घड्याळ, आणि ते तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

या अर्ध्या तासाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी एक आहारतज्ज्ञ मुलगी व्याख्यानाला आली. ती म्हणाली, दिवसभरात एकूण प्रथिनं पुरेशी जातात की नाही ते आधी बघा. सरावाच्या आधी दोनेक तास खाल्लेलंही नंतर उपयोगी पडतं. अर्ध्या तासात दार वगैरे काही बंद होत नाही. फौजी सरांनी तिला हे दोनदा विचारलं. “मग ह्या घड्याळाचं काय करू?” तिनं सांगितलं, दोन उचलींमधली विश्रांती मोजा. मला त्या वेळी काकतीचे वडील आठवले आणि हुलगेही आठवले. अंडं घालायची गरजच नव्हती, हे कळून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही. गरज असती तरी ते मी घालायला नको होतं.

त्या जानेवारीची चाचणी आमच्याच हॉलमध्ये झाली. त्रिशलेची आई आली होती. मागच्या बाकावर बसली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्रिशलेनं पहिल्या उचलीत पंचावन्न केले. म्हणजे दुसरीत सत्तर हवे होते. सत्तर तिनं सरावात एकदाही पूर्ण केले नव्हते. पहिल्या खेपेला बार खांद्यावरून पुढं घसरला. दुसऱ्या खेपेला डोक्यावर गेला, पण कोपर वाकलं, पंचांनी धरलं नाही. मधे तिनं तळहात बघितले आणि मुठी मिटून घेतल्या. काहीतरी झालं आहे हे मला कळलं, पण लांबून दिसेना.

तिसऱ्या खेपेला बार खांद्यावर आला तेव्हा तिचे पाय थरथरत होते. तशीच उभी राहिली. एक श्वास घेतला, आणि बार वर. कोपर सरळ. फौजी सर घड्याळ हातात धरून होते, पण बटण दाबायचं विसरून गेले होते. पंचांनी हात खाली केला, बार धाडकन पडला, आणि एकशे पंचवीस झाले.

तिनं मुठी उघडल्या तेव्हा दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती. पहिल्या खेपेलाच फाटली होती, ही पोरगी तसल्या हातांनी सत्तर किलो दोनदा डोक्यावर घेऊन गेली. सरांनी स्वतः हात धुऊन पट्ट्या बांधल्या. सगळं आटपून ती, तिची आई आणि मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. भिंतीवर खडूनं सहा वीस लिहिलेलं. पोरीच्या पोटात दुपारपासून कपभर दूध तेवढं होतं.

मी तिचं पीठ काढलं, तीळ काढले, पाणी ठेवलं आणि परात तिच्या आईपुढं सरकवली. स्वतः चार पावलं मागं जाऊन उभी राहिले. आईनं लेकीचे बांधलेले हात बघितले, खिडकीतून बाहेर बघितलं. मग नवा तवा गॅसवर ठेवला आणि परात उलट माझ्याकडे ढकलली.

“मी भाजते. तुमी मळा.”

मी नळावर गेले, हात धुतले. साबण लावून परत धुतले. नखं घासली, पुसले, आणि पुन्हा धुवायला लागले.

“आक्का,” आई म्हणाली, “दिवस मावळाय लागलाय. मळा की लवकर.”

मी मळलं. आई आम्हा दोघींच्या मधोमध परात ठेवून माझ्या हातांकडे बघत होती, आणि बघू देण्यात मला लाज वाटली नाही. पहिलं धपाटं तव्यावरून उतरलं तेव्हा त्रिशलेला घास तोडता येईना, म्हणून आईनं तोडून भरवला. दुसरं धपाटं आईनं आपल्या ताटात घेतलं, कोरडंच, उभ्या उभ्या खाल्लं. बाहेर अजून उजेड होता, आणि पीठही बरंच उरलं होतं.

“आणि एक थापा,” ती म्हणाली, “ते बगायला खाल्लं, हे माझ्यासाठी.”